झिंगलेला माणूस पडायच्या आधी ओळखायचा कसा

नाशिकला परमिट रूममध्ये मी अकरा वर्षं काढली, आधी वेटर म्हणून आणि मग कॅप्टन. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्याच आठवड्यात त्याला बाजूला घेऊन विचारायचो, कस्टमरला जास्त झालीय हे तुला कशावरून कळतं रे? उत्तर ठरलेलं असायचं, डुलायला लागतो, बडबडतो, उलटी करतो. ते ऐकलं की मला काळजीच वाटायची, कारण माणूस डुलायला लागला याचा अर्थ आपल्याला दोन पेग उशीर झालेला असतो, आणि ते दोन पेग परत काढून घेता येत नाहीत.

हे जरा नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. ग्लास रिकामा झाला म्हणजे दारू डोक्यात पोचली असं नसतं. ती पोटात जाते, थोडी तिथूनच रक्तात उतरते आणि बरीचशी पुढे लहान आतड्यातून जाते. रिकाम्या पोटी असेल तर साधारण अर्ध्या-पाऊण तासात पुरती चढते, पोटभर जेवलेला असेल तर तास-दीड तासही लागतो. म्हणजे रात्री दहा वाजता टेबलावर जो माणूस तुम्हाला दिसतोय तो साडेनऊपर्यंत प्यालेल्या दारूचा दिसतोय, त्यानंतर घाईघाईत मारलेले दोन पेग अजून पोटात आहेत, ते साडेदहाला दिसणार, आणि तेव्हा तो कदाचित गाडीवर असेल. म्हणून मी पोरांना सांगायचो, समोर दिसतंय त्यापेक्षा याची नशा अजून वाढणार आहे असंच धरून चालायचं.

उतरायचा वेग मात्र फारसा बदलत नाही. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल बाहेर काढतं, आणि ते काही कोणाच्या सांगण्यावरून जोर लावत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, ताक, डोक्यावर गार पाणी, बोट घालून उलटी, यातल्या कशानेही रक्तातली दारू लवकर कमी होत नाही. कॉफीने झोप उडते एवढंच, म्हणजे झिंगलेला माणूस जागा होतो आणि मी ठीक आहे म्हणून चावी मागतो. एनर्जी ड्रिंकमध्ये वोडका मिसळून पिणाऱ्या पोरांचं हेच होतं, पेंग येत नाही म्हणून आपल्याला चढलीच नाही असं वाटतं आणि ते पीत राहतात.

आता मोजमाप, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. आपल्याकडची व्हिस्की, रम, वोडका बहुतेक 42.8 टक्क्यांची असते, बाटलीवर लिहिलेलं असतं बघा. 30 मिलिच्या स्मॉल पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल येतं साधारण 10 ग्रॅम, म्हणजे एका स्मॉलला लिव्हरचा एक तास किंवा थोडा जास्तच. लार्ज म्हणजे 20 ग्रॅम. क्वार्टर म्हणजे सहा स्मॉल, 60 ग्रॅम. आणि बियर? "मी काय बुवा फक्त बियर पितो" असं म्हणणारे भरपूर भेटले, पण 650 मिलिची 5 टक्केवाली बाटली म्हणजे अडीच स्मॉल झाले, आणि 7 टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर साडेतीन. दोन स्ट्राँग बियर म्हणजे सात स्मॉल पेग, क्वार्टरपेक्षा जास्त! वाईनचा 150 मिलिचा ग्लास दीड स्मॉलच्या आसपास जातो. हे आकडे काउंटरच्या मागे चिकटवून ठेवावेत एवढे कामाचे आहेत.

माझा भाचा मेलबर्नला शिकायला गेला, तिथे रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम काम धरलं तर दारू सर्व्ह करण्याआधी त्याला आरएसए नावाचा, म्हणजे जबाबदारीने दारू द्यायची कशी हे शिकवणारा कोर्स करावा लागला, सर्टिफिकेट असल्याशिवाय ग्लास हातात देत नाहीत. तिकडे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल. त्याने फोन करून विचारलं, मामा, आपल्या पेगचा हिशोब कसा लावायचा, मी म्हटलं अरे सोपंय, आपला स्मॉल म्हणजे त्यांचं एक ड्रिंक, जवळपास बरोब्बर. मग त्याने अभ्यासातलं मला वाचून दाखवलं की माणसाचं बोलणं, तोल, हातापायाचा मेळ किंवा वागणं यात फरक दिसला आणि तो दारूमुळेच आहे असं मानायला वाव असला की त्याला पुढे द्यायची नाही, दिली तर गुन्हा. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण त्यात "फरक" हा शब्द होता. आम्ही अनुभवाने तेच शिकलो होतो.

फरक कशातला, तर तो माणूस आला तेव्हा कसा होता आणि आता कसा आहे यातला. म्हणून खरं काम दारातच सुरू होतं. माणूस आत येताना चालतो कसा, बोलतो किती, आवाज केवढा, आधीच कुठून पिऊन आलाय का, हे पहिल्या दोन मिनिटांत बघून ठेवायचं. कोणी मुळातच मोठ्याने बोलतो, त्याचा आवाज मोठा आहे म्हणून त्याला चढली असं होत नाही, पण गप्प बसणारा माणूस शेजारच्या टेबलाशी गप्पा मारायला लागला तर ती खूण आहे.

दारू मेंदूवर वरून खाली उतरत जाते असं समजा. आधी जाते ती सारासार विचार करायची जागा, त्यामुळे पहिल्या खुणा वागण्यात दिसतात. आवाज चढतो, हसणं वाढतं, वेटरला उगाच मिठी, ओळख नसताना "भाऊ तू आपला माणूस आहेस", टीप नको तेवढी, नाहीतर उगाचच राग, बर्फ कमी का टाकला म्हणून. पिण्याचा वेग वाढतो, आधीचा पेग अर्धा असतानाच "रिपीट कर" येतं, स्मॉलवरून लार्जवर, सोड्यावरून काहीच न मिसळता 'नीट'वर. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण, आणि नेमकी हीच आपण धंदा चालू आहे म्हणून आनंदाने बघतो.

पुढचा टप्पा तोल आणि हातांचा. इथे जीभ जड होते हे सगळ्यांना माहीतच आहे, पण त्याआधी बारीक गोष्टी दिसतात. सिगारेट उलट्या बाजूने पेटवणं, चकन्याच्या प्लेटचा अंदाज चुकणं, फोनचं लॉक दोनतीनदा चुकणं, बिल वाचताना एक डोळा मिटणं, नोटा दोनदा मोजूनही चुकणं, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणं, उठताना खुर्चीचा आधार घेऊन क्षणभर थांबणं. वॉशरूमकडे जाणारा माणूस बघायचा, ही जागा आमच्यासाठी सोन्याची, कारण बसलेला माणूस तास-दोन तास ठीक दिसतो आणि उठला की खरं कळतं. एक खूण दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही, पण दोन-तीन एकत्र आल्या आणि पेगची संख्या जुळत असली की शंका नको.

संख्या महत्त्वाची आहे कारण रोजच्या पिणाऱ्यावर खुणा दिसतच नाहीत. आमच्याकडे एक साहेब यायचे, रोज दोन नाईन्टी, म्हणजे सहा स्मॉल, आणि सरळ चालत जायचे, बोलणं स्वच्छ, कोणी म्हणणार नाही. पण शरीराला सवय झाली म्हणजे रक्तातली दारू कमी झाली असं नसतं, ब्रेक मारायला लागणारा वेळ त्यांचाही वाढलेलाच असतो. अशा माणसाच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, केओटी, म्हणजे टेबलाच्या ऑर्डरची चिठ्ठी बघायची. म्हणूनच अर्ध्या ग्लासात वरून ओतायची सवय मी मोडली होती, टॉपअप केलं की मोजणी गेली, पिणाऱ्याचीही आणि आपलीही. उलट बारीक अंगाची माणसं, कमी वजनाच्या बायका यांना तेवढ्याच दारूत लवकर चढते, शरीरात पाणी कमी म्हणून रक्तातलं प्रमाण जास्त होतं, याचा धाडसाशी किंवा सवयीशी काही संबंध नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी मला अजून खाते. एकदा दुपारी साठीतले एक काका आले, एक लार्ज घेतला, चकनाही नीट खाल्ला नाही. पाऊण तासाने बघतो तर घामाघूम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय, काय विचारलं तर भलतंच उत्तर. आम्ही समजलो घरूनच लावून आलेत, खुर्चीत मागे टेकवलं आणि पंखा वाढवला, पडू दे म्हटलं जरा. वीसेक मिनिटं गेली असतील, मग शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी येऊन विचारलं, यांना शुगर आहे का? खिशात गोळ्यांची स्ट्रिप निघाली. काका अजून गिळत होते म्हणून साखरेचं पाणी घोटघोट दिलं, पंधरा मिनिटांत माणूस ओळखीचा बोलायला लागला, मग मुलगा येऊन दवाखान्यात घेऊन गेला. वाचले. पण एका लार्जला माणूस इतका कोसळत नाही हा साधा हिशोब माझ्या डोक्यात यायला हवा होता, आणि तो आला नाही.

शुगर उतरली की माणूस हुबेहूब प्यालेला दिसतो. आणि दारू स्वतःच शुगर उतरवते, कारण लिव्हर दारू जाळण्यात गुंतलं की साखर तयार करायचं काम मागे पडतं, इन्सुलिन किंवा काही ठराविक गोळ्या घेणाऱ्याला हे पिल्यानंतर कित्येक तासांनी, झोपेतही होऊ शकतं. तसंच लकवा. तोंड एका बाजूला वाकडं, एकच हात खाली पडतोय, शब्द सुचत नाहीत, याला चढली म्हणून झोपवलं तर संपलंच. डोक्याला मार लागलेला माणूस, फिट येऊन गेलेला माणूस, हेसुद्धा तसेच दिसतात. काहींना जन्मापासून चालण्यात किंवा बोलण्यात अडचण असते, त्यांचा अपमान करून बसू नका. नियम एकच, पेग आणि अवस्था यांचा हिशोब जुळत नसेल तर दारू सोडून दुसरं काहीतरी आहे असं धरा. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या पेंग आणणाऱ्या गोळ्या, दुखण्यावरची ट्रामाडोल, यांच्याबरोबर दोन पेगसुद्धा सहाचं काम करतात हेही लक्षात असू द्या. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात मात्र साखर, पाणी, काहीच घालायचं नाही.

थांबवायचं कसं, हा सगळ्यात अवघड भाग. "साहेब तुम्हाला चढलीय" हे वाक्य कधीच म्हणायचं नाही, तेही चारचौघात तर नाहीच, त्याला ते आव्हान वाटतं आणि मग भांडण ठरलेलं. आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर वाक्य आधीपासून आहे, "साहेब, जेवण लावू का?" हे वेळेत, म्हणजे पहिल्या खुणा दिसताच विचारलं तर निम्मं काम होतं. त्याआधी न मागता पाण्याची बाटली ठेवायची, ऑर्डर जरा सावकाश आणायची, खारे शेंगदाणे सोडून काहीतरी पोटभरीचं सुचवायचं, खारट खाऊन तहान वाढते आणि माणूस अजून पितो. खाल्ल्याने आधीची उतरत नाही हं, पण पुढची हळू चढते आणि मुख्य म्हणजे जेवायला बसला की पिणं बहुतेक थांबतं. टेबलावर सगळ्यात कमी प्यालेला मित्र शोधायचा, त्याला बाजूला नेऊन सांगायचं, दादा यांना आता बास करा, घरी कसं नेणार? तो नव्वद टक्के वेळा ऐकतो कारण त्यालाही तेच वाटत असतं.

तरीही मागितलीच तर सरळ आणि शांत, "साहेब आज इथून पुढे मी नाही देऊ शकणार, उद्या या, मी स्वतः सर्व्ह करतो." कारणं देत बसायचं नाही, कारण दिलं की वाद. आणि एकाने नाही म्हटलं की काउंटरपासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांचं तेच उत्तर पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या वेटरला बोलावतो आणि त्याला ठाऊक नसतं. इथे मालकाची साथ लागते. अकरा वर्षांत मी अशी जागाही पाहिली जिथे नाही म्हटलं म्हणून वेटरच्या पगारातून पैसे कापले, तिथे कितीही ट्रेनिंग द्या, पोरगं पेग देणारच, त्याला घर आहे.

बाहेर काढलं म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. रात्री साडेबाराला हायवेवर एकटा झिंगलेला माणूस सोडणं म्हणजे त्याला ट्रकखाली ढकलणंच. रिक्षा बोलवा, घरी फोन लावा, वॉचमनला बसवून ठेवायला सांगा. एखादी मुलगी खूप प्यालेली असेल आणि कोणीतरी मी सोडतो म्हणत असेल तर तिला ओळख विचारा, तिला सांगता येत नसेल तर तिच्या फोनवरून घरी किंवा मैत्रिणीला फोन करायला लावा, आगाऊपणा वाटला तरी करा.

चावीचं तर बोलायलाच नको. गाडी चालवणाऱ्याला कायद्याने 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही हद्द आहे, आणि सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक लार्ज पटकन घेतला तरी तो 40 च्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे "एकच घेतलाय" हे उत्तर नाहीच. पहिल्यांदा सापडला तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वयाचंही तसंच, महाराष्ट्रात बियर-वाईनला 21 आणि हार्ड दारूला 25 पूर्ण लागतात, गोव्यात अट याहून कमी, म्हणून तिकडे शॅकवर बसून आलेली बावीस-तेवीसची पोरं इकडे येऊन वाद घालतात. आयडी बघायला लाजायचं नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा त्याला दारू देणाऱ्या ठिकाणांच्या मालक-मॅनेजरांनाही अटक झाली. दाढीमिशा बघून वय ठरवायचं नसतं हे तेव्हा पुष्कळ जणांच्या डोक्यात शिरलं.

हे सगळं बारपुरतं नाही. घरी, फार्महाऊसवर, हळदीच्या रात्री तर मोजणारा कोणीच नसतो. दोन बोटं म्हणून ओततात, एकदा तो ग्लास मेजरने मोजून बघा, 60 च्या जागी 80-90 मिलि निघतं. वरून आपला आग्रह, माझी शपथ, एवढा माझ्यासाठी. गोव्यात एप्रिलच्या उकाड्यात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, लिंबू, मीठ, मिरची आणि लिमका घालून देतात, सरबतासारखी जाते, तहान म्हणून लोक तीन ग्लास संपवतात आणि उठायला जातात तेव्हा कळतं. यजमानाने घरात एक माणूस न पिणारा ठेवावा, आणि नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये, एवढं तरी.

आणि झोपवून ठेवलेल्या माणसाबद्दल. "झोपू दे, सकाळी उतरेल" या वाक्याने जीव गेलेत. पोटातली दारू तो झोपल्यावरही चढत असते, ती शेवटी श्वास चालवणाऱ्या भागापर्यंत पोचते, आणि उलटी आली तर ती बाहेर टाकायची शरीराची सवयच बंद पडलेली असते. जोरात हाक मारून, खांदा दाबून चिमटा काढूनही डोळे उघडत नसतील, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची गॅप पडत असेल, ओठ निळसर, अंग गार आणि चिकट, झटके, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन. तोपर्यंत कुशीवर वळवायचा, वरचा गुडघा दुमडून पुढे, तोंड किंचित खाली म्हणजे उलटी बाहेर येईल, आणि एकाने शेजारून हलायचं नाही. दारू कुठली होती याची शंका असेल, सकाळी डोळ्यासमोर धुकं दिसतंय म्हणाला, तर हँगओव्हर म्हणून सोडू नका, मिथेनॉल, म्हणजे भेसळीच्या दारूतलं विष, बारा-चोवीस तासांनी असंच दिसतं आणि तेव्हाही उपचार असतात. जून 2015 ला मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच विषाने.

राहिली सकाळ. रात्री नऊ ते बारा तीन स्ट्राँग बियर, सहा तास गाढ झोप, आंघोळ, चहा, नऊला गाडी. हिशोब लावा, तीन बाटल्यांचं साधारण 108 ग्रॅम अल्कोहोल, तासाला साडेसात ग्रॅमने बारा तासांत नव्वद गेले, अठरा अजून आत आहेत, म्हणजे सत्तर किलोचा माणूस सकाळी नऊलाही 30 च्या वर असू शकतो आणि त्याला स्वतःला एकदम फ्रेश वाटत असतं. आमच्याकडे शनिवारी रात्री ड्रायव्हर लोकांचं एक टेबल असायचं, रविवारी पहाटे शिर्डीची भाडी असायची त्यांना, त्यांना मी दुसरी बाटली फोडायच्या आधीच विचारायचो, उद्या गाडी किती वाजता काढायचीय?